अरुंधती दिसली, असं म्हणायचं असतं

वैशाख लागला की आमच्या गच्चीवर अंधार पडायचा बंद होतो. हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. सूर्य बिचारा वेळेवर मावळतो, त्याची काही तक्रार नाही. पण आमच्या घराच्या उत्तरेला, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत कपाशीचं शेत होतं, तिथे आता एक लॉन आहे. लॉन म्हणजे हिरवळ, असं मी शाळेत शिकले होते. जळगावात लॉन म्हणजे बिनछपराचं मंगल कार्यालय. चार कोपऱ्यांना चार उंच खांब, त्यांवर डोळे दिपवणारे पांढरे दिवे, आणि दरवाजाशी आकाशात गरागरा फिरणारे दोन झोत. हे झोत कोणाला काय दाखवतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. पाहुण्यांना रस्ता सापडावा म्हणून असतील, तर पाहुणे काय विमानाने येतात?

काल यंदाच्या हंगामातलं पहिलं लग्न लागलं. वाळत घातलेले कुरडया-पापड उचलायला मी वर गेले आणि तो उजेड थोबाडीत मारल्यासारखा तोंडावर आला. जिन्यातून ह्यांनी विचारलं, "काय झालं गं?" म्हटलं, "काही नाही, दिवस उगवला." ते हसले. त्यांना हसू येतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण लग्नसराई आली की मला ती एक लग्नसराई आठवते, जेव्हा ह्या उजेडाने माझ्या नानांना जवळजवळ घेऊन जायचं ठरवलं होतं.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याकडे, पांझरेच्या काठी आमचं गाव. सगळा जन्म तिथे गेला. कपाशी, बाजरी, दोन बैल, आणि वाद घालायला माणूस मिळाला तर दुपारची झोप सोडून उठतील असा स्वभाव. बोलणं पक्कं अहिराणी. जळगावात आल्यावर माझ्या शेजारणीशीही अहिराणीतच बोलले, आणि तिला कळेना तेव्हा तिला बहिरी ठरवून मोकळे झाले. आई गेली त्या हिवाळ्यात मी त्यांना हट्टाने इकडे आणलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी जायचं, झोके घ्यायचे, मांडे आणि आमरस खायचा, ही आमच्या खान्देशाची रीत. त्या वर्षी माझं माहेरच माझ्या घरी येऊन खाटेवर बसलं होतं आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर करत होतं.

गावाकडचं आमचं घर धाब्याचं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात अख्खं गाव धाब्यावर झोपायला जायचं. त्या धाब्यावरून त्या धाब्यावर गप्पा, कोणाच्या म्हशीने लाथ मारली, कोणाचा जावई रुसला, सगळं वरच्यावर कळायचं. दीपनगरला वीज तयार होते हे आम्हाला शाळेच्या पुस्तकात होतं, पण आमच्या गावात ती संध्याकाळी जायची आणि कधी येईल ते कोणी सांगायचं नाही. तेव्हा आम्ही विजेच्या नावाने बोटं मोडायचो. आता वाटतं, निदान आकाश तरी आमचं होतं.

आमच्याकडे सप्तर्षीला कोणी सप्तर्षी म्हणत नाही. चार ताऱ्यांची खाट, आणि ती चोरून पळणारे तीन चोर. मधल्या चोराला अगदी खेटून एक बारीकशी चांदणी असते. नुसतं पाहिलं तर दिसत नाही, जरा डोळा स्थिर केला की हळूच वर येते. ती अरुंधती. मधला चोर म्हणजे पोथीतले वसिष्ठ ऋषी. ऋषीला चोर करायचं आणि त्याच्या बायकोला मात्र हात जोडायचे, हे आमच्याच लोकांना जमतं.

धाब्यावर असले की ती चांदणी पाहिल्याशिवाय नाना झोपायचे नाहीत. त्यात देवधर्म नव्हता. दाराला कडी लावली का हे जसं आपण एकदा पाहतो, तसं ते वर पाहायचे. "शे," म्हणजे आहे, एवढं म्हणायचे आणि कुशीवर वळायचे. त्यामागे आमच्याकडची एक जुनी समजूत होती. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते, त्याचे सहा महिने उरले. माझ्या आजोबांनी एका उन्हाळ्यात "आज नही दिखनी" असं म्हटलं आणि त्या वर्षीची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. आजोबांना दम्याचा त्रास होता, हे मी नानांना कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "दमा त्यासले वीस साल व्हता. तारा त्याच सालले गया." मी आठवीला विज्ञान शिकवते, पण नानांसमोर माझं विज्ञान पहिलीत जाऊन बसतं.

तर आखाजीच्या सुमारास जळगाव तापायला लागलं. खाली पंखा गरम हवा फेकायचा. मी गच्चीवर पाण्याच्या बादल्या ओतून, खाट टाकून नानांची वर व्यवस्था केली. पहिल्या संध्याकाळी ते उत्तरेकडे तोंड करून बसले. लॉनवर हळदीचा कार्यक्रम होता. आकाश कसलं, खरकट्या दुधासारखं पांढुरकं झालं होतं. खाटेचे चार तारे कसेबसे, चोर त्याहून कसेबसे.

"उजेड भलता शे आठे," नाना म्हणाले. आठे म्हणजे इथे.

मी म्हटलं, लग्न उरकलं की विझतील दिवे. नाना थांबले. एक लग्न उरकलं, दुसरं आलं. दुसरं उरकलं, कोणाचा तरी वाढदिवस आला. आमच्याकडे हल्ली वाढदिवसालाही झोत लागतात. पाच वर्षांचं पोर, त्याला मेलं काय कळतंय, ते आपलं केकच्या शेजारी झोपून गेलेलं, आणि आकाशात त्याचे दिवे फिरतायत!

मी लॉनच्या मॅनेजरकडे गेले. चांगल्या शब्दांत सांगितलं. म्हटलं, दादा, निदान ते आकाशातले झोत आणि उत्तरेचे दोन दिवे जेवणं झाल्यावर तरी बंद करा, घरात म्हातारं माणूस आहे. त्याने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. फार नम्र माणूस. मग म्हणाला, "मॅडम, लोक पैसे उजेडाचे देतात. अंधार तर त्यांच्या घरी पण असतो."

"पण माझ्या घरी राहिला नाही ना!"

"तुम्ही पडदे लावा ना मॅडम."

गच्चीला पडदे! मी पाणी न पिता उठले. घरी येऊन ह्यांच्यावर ओरडले. ते डाळमिलमध्ये काम करतात, त्यांचा ह्यात काडीचा संबंध नव्हता, पण कोणावर तरी ओरडायला हवंच होतं.

तोवर नानांना काळजी नव्हती, फक्त वैताग होता. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आधी उजव्याचं ऑपरेशन करू, डावा पुढे पाहू, असं ठरलं होतं. तारीख मिळाली होती. नाना कुरकुरत का होईना तयार होते. आणि मग ते फैजपूरचं लग्न आलं.

नवरी फैजपूरची. दाराशी केळीचे एवढाले घडांसकट खांब लावले होते, ते मी गच्चीवरून पाहिले आणि म्हटलं, वा, हे तरी बरं दिसतंय. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. मग सगळा विधी सुरू झाला आणि गुरुजींच्या गळ्यापाशी माइक, त्यामुळे आम्हाला प्रत्येक मंत्र घरबसल्या ऐकू येत होता. नाना आणि मी आमरस-पोळी जेवून वर बसलो होतो. सप्तपदी झाली. आणि गुरुजी म्हणाले, "आता वधूवरांनी उत्तरेकडे पाहावं. हा ध्रुव. आणि ही अरुंधती. दिसली का?"

नवरीचा बारीक आवाज आला, "दिसली."

नवरदेव म्हणाला, "हो हो, दिसली."

टाळ्या पडल्या. लगेच गाणं लागलं.

मी हसले. खरंच हसले, कारण ती पोर त्या चार खांबांच्या बरोबर मधोमध उभी होती, तिला स्वतःच्या नाकाच्या शेंड्यापलीकडचं दिसलं असतं तरी नवल. मी नानांना म्हणणार होते, ऐकलंत का, काय थापा आहेत! पण नाना खाटेवरून उठले होते. कठड्याशी गेले. कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ वर पाहत राहिले. मग परत येऊन बसले आणि अगदी सावकाश म्हणाले, "इतला उजेडमा उभी शे ती पोर. तरी तिले दिखनी."

मला आधी लक्षातच आलं नाही ते काय म्हणतायत. ते पुढे म्हणाले, "म्हंजे उजेडना दोष नही. मन्हाच शे."

त्यानंतर नानांनी आवराआवर सुरू केली. नवी चप्पल रिक्षावाल्याला देऊन टाकली. मी चहात साखर कमी घातली तरी बोलेनात. शेजारणीशी मराठी बोलले! आणि ऑपरेशनचा विषय काढला तर म्हणाले, "सहा महिनासाठे नवी काच कसाले? ऱ्हाऊ दे. माले गाव पोचाडी दे."

मी काय काय केलं नाही? समजावलं, रडले, चिडले. म्हटलं, नाना, मलाही दिसत नाही ती इथून. मग मी पण मरणार का? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुले चष्मा शे. चष्मावाला त्यामा धरतस नही." कपाळ माझं! नियम त्यांचे, पंच तेच. ह्यांनी मोबाइलवर त्यांना आकाशाचा नकाशा दाखवला, त्यात अरुंधती ठळक नावासकट होती. नाना म्हणाले, "हाई मोबाइलनी शे. मन्ही कोठे शे?"

आणि एक गोष्ट मला कोणालाच सांगता येत नव्हती. सगळे सुचवत होते, अगं त्यांना गावी ने, शेतात अंधारात ने, दिसेल त्यांना. मला भीती त्याचीच होती. इथे निदान लॉनवर ढकलता येत होतं. तिथे अंधारात नेलं आणि पिकलेल्या मोतीबिंदूमुळे तिथेही दिसली नाही, तर? मग मी कोणाचा दिवा बंद करायला जाणार होते? चांदणी दिसायला ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशनला होकार द्यायला चांदणी दिसायला हवी. अशा कात्रीत मी सापडले होते, आणि बापाचा चेहरा रोज थोडा थोडा विझत होता.

वर्गात त्या आठवड्यात ताऱ्यांचा धडा नव्हता, शाळेला सुट्टीच होती, पण मी मनातल्या मनात तोच शिकवत बसायचे. अरुंधती ही काही नाजूक-बिजूक नाही. सूर्याच्याच बिरादरीतली आहे, पोटात हायड्रोजन जाळून उजेड देणारी. ताऱ्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात लांब टप्पा. जन्माचा गोंधळ संपलेला, मरणाची धामधूम अजून लांब, मध्ये नुसतं नेमाने जळायचं. अशा ताऱ्यांना मुख्य क्रमाचे तारे म्हणतात. सूर्यापेक्षा ती कितीतरी तेजस्वी आहे, फक्त लांब आहे म्हणून आपल्याला फिकी दिसते. आणि लग्नात नवरीला ती पतिव्रतेचा आदर्श म्हणून दाखवतात ना, तर ती काही नवऱ्याच्या मागे मागे चाललेली नाही. दोघं शेजारी शेजारी, एकाच दिशेने चाललेत. हे मात्र कोणी माइकवर सांगत नाही.

पण ज्याने माझी झोप उडवली ते वेगळंच. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला ऐंशीएक वर्षं लागतात. नाना तेवढ्याच वयाचे. म्हणजे माझी आजी त्या धाब्याच्या घरात बाळंत झाली तेव्हा कधीतरी तो उजेड तिकडून निघाला. इकडे नाना रांगले, बैल हाकले, लग्न केलं, माझ्या आईच्या सरणाला अग्नी दिला, आणि तो उजेड कुठे न थांबता येतच होता. ऐंशी वर्षं चालून तो आमच्या गच्चीवर पोचला आणि शेवटच्या दोनशे फुटांवर एका वाढदिवसाच्या झोताने त्याला मारला. ह्याचा संताप येऊ नये तर कशाचा यावा? कोणी कोणाच्या विहिरीत घाण टाकली तर गाव गोळा होतं. आमचं आख्खं आकाश बुजवलं तर म्हणे पडदे लावा.

आणि ती नवरी! तिच्यावर मला राग नव्हता, तिला बिचारीला काय विचारता. राग होता तो त्या "दिसली" वर. माझ्या बापाने आयुष्यात मापात खोटं केलं नाही, म्हणून दुसरा कोणी ताऱ्याबाबत खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांनी गंमत म्हणून, रीत म्हणून, फोटोसाठी म्हणून जे बोललं, ते एका माणसाने खरं धरलं आणि तो मरायला निघाला.

शेवटी मी गुरुजींना गाठलं. ते लॉनचे ठरलेलेच, हंगामात रोज तिथे. संध्याकाळी स्कूटर लावत होते, सोवळं पिशवीत, कानाला मोबाइल. मुहूर्ताला अवकाश होता. मी सरळच विचारलं, "गुरुजी, त्या फैजपूरच्या नवरीला अरुंधती खरंच दिसली होती का हो?"

"दिसली की. तुम्ही ऐकलं असेल, माइक होता."

"माइक होता म्हणूनच विचारतेय."

ते हसले. वाईट माणूस नव्हता, घामाने निथळत होता. "ताई, म्हणायचं असतं ते. नवरी नाही दिसली म्हणाली तर अपशकुन. वरमाय भडकणार, फोटोवाला थांबणार, पंगत थांबणार."

"आणि तुम्हाला? तुम्हाला दिसली?"

"मलाही म्हणायचंच असतं."

मी त्यांना तसंच गच्चीवर आणलं. जिन्यात सगळी हकिकत सांगितली आणि बजावलं, एवढंच सांगा नानांना, कोणालाच दिसली नव्हती. गुरुजी हो हो म्हणाले. पण वर येऊन त्यांनी खाटेवरचे नाना पाहिले, ती बसलेली गालफडं पाहिली, आणि ह्या भल्या माणसाला दया आली. माझ्याकडे पाहिलंच नाही त्यांनी. नानांचा हात हातात घेऊन म्हणाले, "नाना, काळजी कशाला करता? आहे की अरुंधती. ती बघा, स्वच्छ दिसतेय. दिसली ना?" आणि बोट वर केलं.

मला वाटलं, आता गच्चीवरून उडी मारावी. किंवा गुरुजींना ढकलावं.

नानांनी त्या बोटाच्या दिशेने मान वळवली. डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "गुरुजी, तठे खाटलं नही. तठे मोबाइलना टावर शे."

खरंच होतं. बोट टॉवरच्या लाल दिव्याकडे होतं. गुरुजींनी घाईघाईने बोट जरा डावीकडे नेलं. नानांनी ते बोट धरून खाली आणलं.

"तुम्ही कव्हय दखी तिले?"

लॉनवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' करत होतं. गुरुजी खाटेच्या काठावर टेकले आणि म्हणाले, "खरं सांगू नाना? लहानपणी वडिलांनी दाखवली होती. त्यानंतर नाही. आता उत्तरेकडे हात करायचा आणि पुढे जायचं."

"मंग ती पोर? तिले दिखनी ना?"

"नाही दिसली."

"बोलनी कशी मंग?"

"म्हणायचं असतं, नाना."

नाना उठून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी कोणाचा हात न धरता उभे राहिले. आणि जे ओरडले, की लॉनवरचा माइकवाला थबकला असेल. "तुम्हनं म्हनानं असस, आन आठे मी मरी राह्यनू!"

मग जो तोंडाचा पट्टा सुरू झाला, तो मी सगळा लिहू शकत नाही. गुरुजी झाले, लॉनवाला झाला, वरमाय झाली, जावई असून दिवा फोडता येत नाही म्हणून हे झाले, मी झाले. खोटारडं गाव, खोटारडा बठ्ठा जिल्हा. चपलेची आठवण झाली, रिक्षावाल्याकडून ती परत आण म्हणाले. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, की वाटलं अजून ओरडावं, अख्खी रात्र ओरडावं. गुरुजींनी दोनदा जायचा प्रयत्न केला, नानांनी दोनदा बसवलं. शेवटी खालून मुहूर्ताला हाका आल्या तेव्हा सोडलं, तेही दम देऊन, "आज इचारू नका त्या पोरले. इचारं तर मी वरथून सांगसू, खोटं शे म्हनीसन."

त्या लग्नात अरुंधती दाखवली गेली नाही. गुरुजी ध्रुवावर थांबले.

डॉक्टरांची तारीख नानांनी स्वतः पुन्हा मागून घेतली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून खाटेवर बसायचे आणि थेंब घालताना माझ्यावर डाफरायचे. पण थेंबांचे दिवस सरत आले तशी माझी जुनी भीती परत आली. आता ते म्हणत होते, "चाल, वावरमा जाऊ." वावर म्हणजे शेत. आता टाळायला काही कारणच उरलं नव्हतं.

पेरणीच्या आधी, आभाळ अजून कोरडं असताना आम्ही गेलो. गावातही आता चौकात उंच खांबावर दिवा आहे, धाबी जाऊन स्लॅब आलेत, म्हणून ह्यांनी गाडी सरळ शेतात घातली आणि बाभळीपाशी उभी केली. दिवे विझवले. गाडीच्या दिव्यांमुळे आंधळे झालेले डोळे निवायला जरा वेळ लागला. मग आकाश आलं. मी किती वर्षांनी पाहत होते! एवढे तारे अजून आहेत, ह्याचाच मला राग आला, कारण हे सगळं रोज असतं आणि आम्ही झोताखाली पापड वाळवत बसतो.

नाना बांधावर बसले. मी शेजारी. खाट उंच चढली होती, तीन चोर स्पष्ट. चष्मा नीट केला, डोळा स्थिर केला, आणि मधल्या चोराच्या कुशीत ती हळूच आली. इतकी बारीक, इतकी नीटस. मला नानांकडे बघायची हिंमत होईना.



"तुले दिखस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हनानं असस म्हनीसन सांगस, का खरं?"

"खरं, नाना. मधल्याला अगदी खेटून आहे."

"कोनती बाजूले?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा वर पाहिलं. डावा डोळा हाताने झाकला, उजव्याने पाहिलं. पापणी मिटली, उघडली. मी देवाला काय काय कबूल करत होते ते आता आठवत नाही. मनात आलं, म्हणा ना नाना. नसली दिसत तरी म्हणा. माझ्यासाठी म्हणा, दिसली.

"नही दिखनी," नाना म्हणाले.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खाट, चोर, चांदणी, सगळं पुसलं गेलं. मी पदर तोंडाला लावला तरी त्यांना कळलंच.

"रडस कसाले येडी?" ते माझ्यावर खेकसले. "दुसरा डोया बाकी शे ना आजून."